दिवा लागण्यापूर्वीचे विरजण

सोमवार, ता. १४ ऑक्टोबर १९२९

आज सकाळी दूध उतू गेले. मी चुलीपुढेच उभा होतो आणि माझे डोळे उघडे होते. तरीही दुधाने काठ ओलांडला, निखारे विझले, जळका वास घरभर पसरला, तोपर्यंत मला काहीच उमगले नाही. माझी मुलगी गोपिका दारातून "बाबा, दूध" असे म्हणाल्याचे ऐकू आले होते. शब्द कानांवर पडले, अर्थ लागला नाही.

या प्रसंगामुळेच ही दैनंदिनी आरंभीत आहे.

ती. सासूबाई रुखमाबाई दसरा होताच आपल्या गावी, खाप्यास परतल्या. निघताना त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच भाषेत लिहून ठेवतो: "जावईबापू, दुसरं लगन करा म्हनलं तर तुमी आयकत नाई. सैपाकाले बाई ठेवा म्हनलं तर ते बी नाई. आता मी संक्रांत झाली का येतो. घर चाललं असन अन् पोरगी धडधाकट दिसली, तर माहं काही म्हननं नाई. नाई तर मी तिले खाप्याले नेतो." मी "ठीक आहे" एवढेच म्हणालो. गोपिका आठ वर्षांची आहे. ती गेली तर या घरात मी एकटाच उरेन, आणि एकट्या माझ्या असण्याने या जागेस घर म्हणता येणार नाही.

महाविद्यालयात असताना पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आम्हांस एक शिस्त लावली होती. तराजूचा काटा हलत आहे तोवर नजर काट्यावरून काढायची नाही आणि शेजाऱ्याशी बोलायचे नाही. तीच शिस्त मी घरकामास लावणार आहे. भांडे घासताना केवळ भांडे, तांदूळ निवडताना केवळ तांदूळ. हातातील काम संपेपर्यंत दुसरा विचार नाही व दुसरा शब्द नाही. चित्त जर या मार्गाने ताळ्यावर आले, तर घर चालेल.

गुरुवार, ता. १७ ऑक्टोबर

सर्व कामांत अधिक अवधान मागणारे काम म्हणजे दही लावणे. दूध कोमट असावे लागते. करंगळी बुडवली असता ऊब जाणवावी, चटका बसू नये. विरजण घालून ढवळायचे, झाकण ठेवायचे आणि नंतर भांडे हलवायचे नाही.

या विरजणाविषयी येथे नोंद करणे आवश्यक आहे. माझी पत्नी कै. सुमती हिने श्रावणात तापाने अंथरूण धरले, त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे दही लावले होते. पुढे सासूबाई रोज त्यातूनच लावीत राहिल्या. मी शाळेत विज्ञान शिकवितो. दही ही सजीव वस्तू आहे, आजचे दही हे कालच्या दह्यातील सूक्ष्म जंतूंची संतती होय, हे मी मुलांना सांगत असतो. ज्या विरजणास तिचा हात लागला त्याची परंपरा या घरात अद्याप चालू आहे. तिची लुगडी सासूबाईंनी रीतीप्रमाणे देऊन टाकली. बांगड्या तिच्याबरोबर गेल्या. तिच्या हातचे असे, जे रोज नवे होते आणि तरीही तिचेच राहते, ते एवढेच.

दहाव्याच्या विधींसाठी मी कन्हान नदीवर गेलो होतो. परतलो तेव्हा बायकांनी घर धुऊन, सारवून काढले होते आणि चुलीजवळ कुंभाराकडची नवी कोरी मडकी मांडली होती. मी प्रथम विरजणाचीच चौकशी केली. सासूबाई मागील अंगणात होत्या. गोपिका म्हणाली, "हाय ना बाबा," आणि तिने वाटी पुढे केली. तिला धाप लागली होती. तेवढ्या गडबडीत लहान मुलीने ते जपून ठेवावे, याचे मला आजही नवल वाटते.

बुधवार, ता. २३ ऑक्टोबर

शेजारच्या यमुताई वयाने माझ्याहून वडील आहेत. त्यांच्या व आमच्या मागील अंगणांत कमरेएवढी भिंत आहे आणि दोन्ही घरांची देवाणघेवाण त्या भिंतीवरूनच चालते. आज मी ज्वारीची भाकरी थापीत असता त्या भिंतीवर कोपर टेकून पाहत होत्या.

"मास्तर, भाकर करून राहिले का हिंदुस्थानचा नकाशा काढून राहिले?"

भाकरी तव्यावर टाकायची होती, सबब मी उत्तर दिले नाही.

"बोला ना बापा जराक. भाकर काही कान देऊन आयकत नाई."

गोपिका तोंडावर हात ठेवून हसली. मी तिच्याकडे पाहिले. ती हसायची थांबली.

भाकरी तडकली, परंतु खालची बाजू करपली नाही. प्रगती आहे.

नंतर भांडी घासताना गोपिका जवळ येऊन बसली व "बाबा, आज शाळेत ना" असे म्हणू लागली. मी बोट वर केले. नियम तिला ठाऊक आहे. काम आटोपल्यावर मी हात पुसले आणि काय सांगायचे होते ते विचारले. ती म्हणाली, "काही नाई." विसरली असावी.

शनिवार, ता. २ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सुतकाचे वर्ष असल्याने आमच्याकडे काही केले नाही. यमुताईंनी रीतीप्रमाणे भिंतीवरून ताट दिले. त्यात चकल्या, अनारसे आणि बेसनाचे लाडू होते. रिकामे ताट परत करू नये म्हणून मी त्यात थोडे तांदूळ घातले. यमुताई ते पाहून म्हणाल्या, "बरं झालं बाई, निवडून देल्ले. माह्या सुनेले शिकवा." हा विनोद होता की स्तुती, हे समजले नाही.

सकाळी चुलीस पोतेरे देताना एक गोष्ट ध्यानात आली. ही चूल सुमतीने स्वतः घातली होती. डाव्या कडेला, ओली माती दाबताना उमटलेले तिच्या बोटांचे ठसे आहेत. रोज मी त्यांवर शेणमातीचा हात फिरवितो. हात जितक्या काळजीने फिरवितो, तितके ते ठसे लवकर बुजत आहेत. आजपासून ती कड सोडून पोतेरे देईन. काम अपुरे राहील, इलाज नाही.

मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर

आज कंदिलाच्या काचा पुसल्या. राख वस्त्रगाळ केली, कापडाची सुरळी करून आत घातली आणि हळूहळू फिरविली. काजळीचा एक थर जातो, मग दुसरा दिसतो, तोही जातो; आणि एका क्षणी काच हातात आहे हे केवळ तिच्या वजनावरून कळते, दिसत मात्र नाही. तेवढा वेळ माझे मन अगदी शांत होते. मी कोणाचा कोण, काय गमावून बसलो आहे, यांपैकी काहीही त्यात नव्हते.

मग ते ध्यानात आले आणि शरम वाटली. मन शांत झाले म्हणजे ती तेवढा वेळ मनात नव्हती. ही साधना तिच्यासाठी घर राखण्याकरिता आहे की तिला विसरण्याकरिता, हे मला ठरविता येत नाही.

बाहेर तांबटांच्या आळीत दिवसभर ठोक्यांचा आवाज चालू होता. पूर्वी सुमती त्या ठोक्यांच्या तालावर काहीतरी गुणगुणत दळण दळीत असे. जात्यावर बसून एकीकडे गाणे, एकीकडे गोपिकेशी बोलणे, मध्येच भिंतीवरून यमुताईंना हाक. एकाग्रता म्हणून तिच्या कामात कधीच नव्हती. तरीही पीठ बारीक निघत असे. हे कसे, याचा उलगडा होत नाही.

गुरुवार, ता. २१ नोव्हेंबर

गोपिका दही खात नाही. आजवर मी ही गोष्ट किरकोळ समजत होतो. पूर्वी ती वाटी चाटून पुसून स्वच्छ करीत असे. आज मी दहीभात कालवून तिच्यासमोर ठेवला.

"मले नाई पायजे."

"मला नको, असे म्हण."

"मला नको."

"आईच्या हातच्या विरजणाचे आहे."

यावर तिने ताटाकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हनूनच नको." तिला फार आग्रह केला नाही. आठवणीने तिला गहिवर येत असावा. तरीही दही म्हणजे पोषण. ते सुटता कामा नये. उद्या साखर घालून देईन.

बुधवार, ता. २७ नोव्हेंबर

माझे शाळेतील सहकारी शालिकराम सायंकाळी आले. मी देवापुढे दिवा लावून डाळ निवडीत बसलो होतो.

"काहून गा मधुकर, हे काय आरंभलं? तुह्या कोटाच्या बाहीले राख लागली असते. पोरं हासून राहिली वर्गात."

मी म्हणालो, "उद्यापासून बाह्या दुमडून काम करीन."

"बाही नाही गा, मी लगनाचं म्हनतो. सावनेरात एक ठिकान आहे. पोरगी शांत आहे, घरकामात हुशार."

"घरकाम मीच करतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. नंतर आपणही चार मुठी डाळ निवडून देऊन गेले. त्यांनी निवडलेली डाळ मला पुन्हा पाहावी लागली.

ते गेल्यावर भिंतीपलीकडून यमुताईंच्या सुनेने विरजणाची वाटी मागितली. त्यांचे दही मांजराने उलथविले होते. दिवा लागल्यावर दही वा विरजण घराबाहेर द्यायचे नाही, ही रीत मला सुमतीनेच सांगितली होती. तिचा आधार मला ठाऊक नाही; परंतु तिची रीत मोडण्याचा अधिकारही मला नाही. मी नम्रपणे नकार दिला. यमुताई आतून म्हणाल्या, "राहू दे वं, सकाळी घेऊ. मास्तरचा दिवा लागला." त्या हसत होत्या. गोपिका मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिली.

सोमवार, ता. ९ डिसेंबर

थकवा. केवळ शरीराचा नव्हे. चूल, पाणी, धुणे, भांडी, शाळा, पुन्हा चूल. आज काम करताना मन कोठेही भरकटले नाही. कोठे जावे असे त्याला ठिकाणच उरले नाही.

सोमवार, ता. १६ डिसेंबर

दोन दिवस थंडी फार आहे. काल संध्याकाळी विरजण घालताना रस्त्यावरून कोणीतरी स्त्री कोणास तरी हाक मारीत गेली. आवाजाची पट्टी तीच होती. मी चमचा हातात धरून दाराकडे पाहत राहिलो. दूध किती तापले होते हे पुन्हा पाहिले नाही.

आज सकाळी भांड्यात दूध होते तसेच होते. वर साय, खाली पातळ दूध. आणि घाईत मी काल सर्वच्या सर्व विरजण घालून टाकले होते. वाटीत मागे थेंबही ठेवला नव्हता.

मी पाटावर बसून राहिलो. गोपिकेने विचारले, "काय झालं बाबा?" मी भांडे दाखविले आणि म्हणालो, "संपले." तिचा चेहरा पांढरा पडला. मी न जेवता शाळेत गेलो. फळ्यावर काय लिहिले ते आठवत नाही.

सायंकाळी परतलो आणि भांड्याचे झाकण काढले, तो दही लागलेले होते. घट्ट, सुरी फिरवावी असे. थंडीमुळे क्रिया मंदावली असावी व दुपारच्या उन्हात ती पूर्ण झाली असावी. भांडे चुलीच्या ओट्यावरून उचलून उन्हाच्या जागी, खिडकीत ठेवलेले आढळले. गोपिकेने समयसूचकता दाखविली. मी तिची प्रशंसा केली. ती रडू लागली. मुलगीही थकली आहे असे दिसते.

मोरीवर यमुताईंच्या घरची एक पितळी वाटी सापडली. ती आमच्याकडे कशी आली हे समजले नाही. घासून भिंतीवर ठेवली.

रविवार, ता. ५ जानेवारी १९३०

गोपिका वाळत चालली आहे. परकराची नाडी तिला आणखी आवळावी लागते. वैद्यांना दाखविले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "रोग काही नाही. पोरीच्या मनात काय आहे ते पाहा." मनात काय असणार? आई नाही, हेच असणार. त्यास औषध नाही. मी तिच्या जेवणाकडे अधिक लक्ष देतो. घासागणिक पाहतो. ती माझी नजर चुकवून गिळते.

घरात आता कामाचा आवाजही होत नाही, इतकी शिस्त बसली आहे. गोपिका उंबऱ्यावर बसून असते आणि मी बोट वर करण्याचे कारणच पडत नाही.

बुधवार, ता. १५ जानेवारी

सासूबाई आल्या. सावनेरहून आगगाडीने इतवारी स्टेशन व तेथून चालत, डोक्यावर तिळाची थैली. त्यांनी उंबऱ्यातच पायांवर पाणी घेतले आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून चहूकडे पाहिले. भांडी, काचा, सारवण, फडताळ. मग म्हणाल्या, "जावईबापू, खोटं नाई बोलत. माह्या सुमतीच्या हाती बी घर असं लखलख नोतं."

मला समाधान वाटले. हे लिहिणे भाग आहे, कारण ते फार काळ टिकले नाही. गोपिका शाळेतून आली. सासूबाईंनी तिला जवळ ओढून तिच्या दंडावरून हात फिरविला आणि माझ्याकडे पाहिलेच नाही.

"गोपे, काहून वं अशी झाली? जेवत नाई?"

"जेवतो."

"बाप मारते?"

"नाई."

"मंग?"

गोपिका उठून दप्तर खुंटीला लावू लागली. 

शुक्रवार, ता. १७ जानेवारी

निर्णय झाला. मी स्वतःच केला, कोणी सक्ती केली नाही. अट स्पष्ट होती: घर चालावे आणि मुलगी धडधाकट दिसावी. पहिला भाग सिद्ध झाला, दुसरा झाला नाही. मी गोपिकेस सांगितले की तिने आजीबरोबर खाप्यास राहावे हे उचित. ती हट्ट करील अशी माझी अपेक्षा होती. नव्हे, आशा होती. ती म्हणाली, "हो बाबा."

मी तिचे कपडे घडी करून पेटीत भरले. पोलकी चार, परकर तीन, आईची फणी. प्रत्येक घडीवर लक्ष ठेवले. मन भरकटू दिले नाही. आज प्रथमच असे वाटले, की ते भरकटले असते तर बरे.

शनिवार, ता. १८ जानेवारी

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी गाडीची वेळ होण्यापूर्वी मी पितळी कडीच्या डब्यात विरजण भरले. झाकणाखाली केळीचे पान घातले, डबा ओल्या फडक्यात गुंडाळला. गोपिकेस पुढे बसवून सूचना दिल्या: गाडीत डबा मांडीवर धरायचा, तिरपा होऊ द्यायचा नाही; खाप्यास पोचताच कोमट दुधात घालायचे; रोज थोडे मागे ठेवायचे. "हे तुझ्या आईचे आहे. आता ते तुझ्याकडे."

मी डबा पुढे केला. तिने हात मागे घेतले.

"मी नाई नेत."

"का नाही?"

"ते आईचं नाई."

सासूबाई पेटी बांधीत होत्या, त्या थांबल्या. गोपिका माझ्याकडे न पाहता, चुलीकडे पाहत, एका दमात बोलली. "आजीनं दहाव्याले सारी मडकी फोडली. दह्याचं बी. तुमी नदीवर होते. तुमी आल्याबरोबर ते विचारान, मले मालूम होतं. म्हनून मी भिंतीवरून गेली अन् यमुताईची वाटी आनली. मंग थंडीत ते मेलं, तवा पुन्हा आनली. तुमी रोज म्हनता आईचं आईचं. मी कशी खाऊ?"

मी सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मडकी तर फोडाच लागते, जावईबापू. सुतकातली मडकी घरात कोन ठेवते? दह्याचं मडकं मीनंच फोडलं. सर्व्यात मांगं ठेवलं होतं ते. पन रीत हाय."

ती रीत सर्वांना ठाऊक होती. नवी मडकी मी डोळ्यांनी पाहिली होती, दैनंदिनीत लिहिलीही होती. जुनी कोठे गेली, हा प्रश्न मला पडला नव्हता.

मी डबा हातात धरून उभा होतो. मनात काय आले ते लिहिणे कठीण आहे. राग नव्हता. एखाद्या जिन्याची शेवटची पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे झाले. पाच महिने मी दुसऱ्याच्या घरचे दही जपत होतो. आणि ही मुलगी मला ते जपताना पाहत होती.

इतक्यात भिंतीवरून यमुताईंचा आवाज आला. गोपिकेस निरोप द्यायला त्या आल्या होत्या व त्यांनी सर्व ऐकले होते.

"बापा, मंग माह्या घरचं कोनाचं हाय?"

गोपिका भिंतीकडे वळली.

"जेठात माहं सारं दही नासलं होतं. पावनी बसली होती घरी. सांजच्याले मी याच भितीवर आली, म्हनलं सुमती, वाटीभर दे वं. मंग माह्याच ध्यानात आलं, म्हनलं राहू दे बाई, तुह्या देवापुढं दिवा लागला. सुमती म्हने, कुठं लागला? अन् आत जाऊन फुंकर मारून आली. म्हने, घ्या आता, आमचा दिवा अजून लागाचा हाय." यमुताई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तेच चालू हाय माह्या घरी. मांजरानं सांडवलं तवा बी तुमच्याच घरून नेलं, दुसरं आनलं नाई."

सुमतीने मला ती रीत सांगितली होती. फुंकर सांगितली नव्हती.

गोपिकेने विचारले, "मंग ते आईचंच हाय?"

विज्ञानाच्या शिक्षकाने द्यावयाचे उत्तर माझ्याजवळ तयार होते: मध्यंतरी कित्येकदा दूध बदलले, म्हैस बदलली, हवेतील इतर जंतू मिसळले, सबब निश्चित विधान करता येत नाही. ते उत्तर मी दिले नाही. मी म्हणालो, "आईनेच दिलेले आहे."

मग मी तिला एक प्रश्न विचारला, जो आजपर्यंत विचारला नव्हता. तिला काय हवे आहे?

ती बांधलेल्या पेटीकडे पाहू लागली. "मले इथंच राहाचं हाय," ती म्हणाली. "पन इथं कोनी बोलत नाई."

सासूबाईंनी पेटीची दोरी सोडली. सावकाश, गाठ न तोडता, न कापता उलगडली. म्हणाल्या, "पोरगी पोटात एवढं घेऊन बसली होती, जेवन कुठं जाईन?" मग माझ्यापुढे हात केला. "आना तो डबा इकडं."

मी समजलो नाही.

"गोपी राहते तर राहू द्या. पन हे माह्या लेकीचं हाय. मी फोडलं होतं, मीच नेतो."

मी त्यांना इतवारी स्टेशनापर्यंत पोचविले. गाडीत त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या, सरळ, दोन्ही हातांनी धरून. सूचना देण्याची आवश्यकता नव्हती. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या डब्याकडे पाहत होत्या.

बुधवार, ता. २२ जानेवारी

थकवा आहेच. चुलीची डावी कड सोडली होती, ती आज गोपिकेने न विचारता सारवून टाकली. ओल्या मातीत आता तिची बोटे आहेत.

दुपारी तिने वाटीभर दही खाल्ले.

सायंकाळी दूध तापत ठेवले असता ती शेजारी येऊन बसली आणि तिच्या वर्गातील रंभा नावाच्या मुलीविषयी सांगू लागली. या रंभेने बाईंच्या खुर्चीवर चिंच ठेवली. बाई बसल्या. मग रंभेने शपथ घेतली की चिंच झाडावरून पडली. वर्गात झाड नाही. मी विचारले, मग बाई काय म्हणाल्या? गोपिकेने बाईंचा आवाज काढून दाखविला, पदर सावरून, मान वाकडी करून. ती मान सुमती वाकडी करीत असे तशीच वाकडी होते, हे मी पूर्वी पाहिले नव्हते.

दूध उतू गेले.